शालन वायदंडे यांचं म्हणणं

नाझनीन शिकलगार दारात थांबली आणि आत येण्याआधी तिनं मागं वळून कॉरिडॉर रिकामा आहे ना, ते पाहून घेतलं. असं मागंपुढं बघत वागणारी ती मुलगी नव्हती. डॉ. यामिनी सोवनीनं हातातले कागद खाली ठेवले.

"मॅडम, पाच मिनिटं आहेत?"

"तीन आहेत. शुक्रवारच्या मुलाखतीचं सादरीकरण अजून अर्धं राहिलंय."

"'उगम'चा पहिला अहवाल आलाय. जुन्या संशोधनाचा."

"मग गुरुवारी समितीपुढं ठेव. मला आधी दाखवायचा नाही, हे आपलंच ठरलंय ना?"

"ज्याचं नाव येतं त्याला दोन दिवस आधी कळवायचं, हेही आपलंच ठरलंय." नाझनीननं दार लावून घेतलं. "तुमचं नाव आलंय, मॅडम."

यामिनीला आधी हसूच आलं. तिला वाटलं, पुण्याच्या जुन्या कामाचं काही सापडलं असेल. अठ्ठावीस वर्षांपूर्वी तिथं तिनं तीन वर्षं खपून जे शोधलं होतं, त्याच्या लेखावर तिचं नाव चौथं आलं होतं आणि पहिलं आलं होतं गाईडच्या भाच्याचं. तो भाचा आठवड्यातून एकदा प्रयोगशाळेत येऊन खिडकीपाशी फोनवर बोलत बसायचा. त्या दिवशी तिनं ठरवलं होतं, आपल्या हाताखाली कुठल्या मुलीवर ही वेळ येऊ द्यायची नाही. आणि तिनं ते पाळलंही. तिच्याकडं अकरा मुलींनी पीएच.डी. केली, त्यातल्या नऊ आज संशोधनात होत्या. बाळंतपणाची रजा, पाळणाघर, दौऱ्यावर मूल बरोबर न्यायची मुभा, एकेका गोष्टीसाठी ती डायरेक्टरांच्या केबिनमध्ये जाऊन भांडली होती. सांगली–मिरज रस्त्यावरच्या या मृदा-जीवशास्त्र संस्थेत समान संधी समिती स्थापन झाली ती तिच्यामुळं, आणि 'उगम' आला तोही तिच्याच हट्टामुळं.

"पुण्याचं आहे का?" तिनं विचारलं.

"नाही. जोडीचं आहे."

यामिनीचं हसू मावळलं.

*

२०४१ साल होतं. देशभर विज्ञानात पीएच.डी. करणाऱ्यांत मुली निम्म्या होत्या, पण प्राध्यापकांच्या यादीत त्या शोधाव्या लागत. मधल्या वाटेत त्या जातात कुठं, याची कारणं बरीच निघाली होती. त्यातलं एक असं की त्यांचं काम दुसऱ्याच्या नावावर जमा होतं आणि बढतीच्या वेळी त्यांच्या हातात दाखवायला काही उरत नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं, सिद्ध मात्र कुणाला करता येत नव्हतं.

'उगम' ते सिद्ध करत होता. प्रणाली नाझनीननं बांधलेली. ती एखादा शोधनिबंध घेई आणि त्यातले दावे सुटे करी. मग संस्थेच्या साठ्यात जे जे म्हणून होतं, नोंदवह्यांची छायाचित्रं, यंत्रांच्या नोंदी, ई-मेल, बैठकांची ध्वनिमुद्रणं, त्या सगळ्यात ती प्रत्येक दाव्याचा माग काढत मागं मागं जाई. शब्द जुळतात का हे ती पाहत नसे, अर्थ जुळतो का ते पाही. त्यामुळं इंग्रजीतलं एखादं घोटीव वाक्य आणि कुणीतरी घाईत मराठीत खरडलेली ओळ या दोन्ही एकाच झऱ्याच्या आहेत, हे तिला कळे. शेवटची पायरी सगळ्यात अवघड होती. सापडलेली ती ओळ इतिहासातून काढून टाकली, तर पुढचा शोध लागला असता का? हजारो वेळा तो इतिहास पुन्हा चालवून 'उगम' प्रत्येक माणसाला शंभरातले गुण देई.

डॉ. शिरीष नाडगौडांनी पहिल्या दिवसापासून याला विरोध केला होता. शुक्रवारी डायरेक्टरपदासाठी मुलाखत होती ती दोघांचीच, यामिनीची आणि त्यांची.

आणि 'जोडी' हे यामिनीचं आयुष्यभराचं काम होतं. कृष्णाकाठची उसाची जमीन पाणी पिऊन पिऊन क्षारपड झालेली, वर मिठाचा पांढरा थर. क्षार सैल करणारा जिवाणू तिला सापडला होता, पण तो त्या खारटपणात चोवीस तासांत मरायचा. मग तिला सुचलं, त्याला एकटा सोडायचा नाही, एका साध्या बुरशीबरोबर द्यायचा. बुरशीच्या धाग्यांजवळ तो तगायचा. आज शिरोळपासून वाळव्यापर्यंत हजारो एकरांवर ही जोडी काम करत होती. कसं सुचलं, हे यामिनी प्रत्येक व्याख्यानात सांगत असे. हरिपूरच्या संगमावर उभी असताना कृष्णेचं आणि वारणेचं पाणी दोन वेगळ्या रंगांनी शेजारीशेजारी वाहताना दिसलं, आणि एकदम वाटलं, एक नाही, दोन हवेत.

नाझनीननं टेबलावरचा टॅब तिच्याकडं वळवला. एका वहीचं पान होतं. निळ्या शाईतलं गोल अक्षर.

*४ सप्टें. २०२३. बुरशी लागलेल्या १४ प्लेटा धुवायला आल्या. त्यातल्या ६ मध्ये पांढऱ्या वसाहती जिवंत. बुरशीजवळच्या मोठ्या. मॅडमना विचारले, टाक म्हणाल्या. २ ठेवल्या आहेत.*

"अक्षर कुणाचं?" यामिनीनं विचारलं, पण तिनं ते ओळखलं होतं.

"शालन वायदंडे. तेव्हा लॅब असिस्टंट होत्या. भांडी धुलाईची वही आहे ही. आणि हे दहा दिवसांनंतरचं."

ध्वनिमुद्रणात आधी पंख्याची घरघर होती. मग यामिनीला स्वतःचाच अठरा वर्षांपूर्वीचा आवाज ऐकू आला, थोडा चढा, थोडा थकलेला. "मिठात एकही वाण चोवीस तासांच्या वर जात नाही. कुणाला काही सुचतंय का?"

कुणी बोललं नाही. मग लांबून, बहुधा दाराजवळून, एक आवाज आला. "मॅडम, बुरशी लागलेल्या प्लेटांत जगल्यात ते. बुरशीजवळचे तर वाढल्यात पण. मी दोन प्लेटा ठेव—"

"शालन, चहाचं काय झालं, बघतेस का जरा?"

दार वाजलं. चर्चा पुढं चालू राहिली. आठ मिनिटांनी यामिनीचाच आवाज म्हणाला, "समजा, आपण जिवाणूला बुरशीची सोबत दिली तर?" आणि कुणीतरी म्हणालं, "वा!"

यामिनीनं टॅब पालथा घातला. "हरिपूरला मी कधी गेले होते?"

"तुमच्या फोनच्या नोंदीत सतरा सप्टेंबर आहे. रविवार. या बैठकीनंतर तीन दिवसांनी." नाझनीननं पुढचं पान उघडलं. "मध्यवर्ती कल्पनेत शालनबाईंना एकाहत्तर दिलेत, मॅडम. तुम्हाला अठरा."

मग नाझनीन पुढं झुकली. "एक मार्ग आहे. हजेरी, साफसफाई, धुलाई अशा वह्या मोजणीतून वगळायचा अधिकार समितीच्या अध्यक्षांना आहे. म्हणजे तुम्हाला. ती वही गेली की नुसत्या ध्वनिमुद्रणाचे गुण तीसच्या खाली येतात. तीसच्या खालचं जाहीर होत नाही."

"तू मला हे सुचवतेयस?"

"तुमच्यासाठी नाही." नाझनीन म्हणाली. "शुक्रवारी नाडगौडा सर आले तर सोमवारी 'उगम' बंद. पुण्यातून, नागपुरातून सतरा मुलींचे अर्ज आलेत माझ्याकडं, आमचंही काम तपासा म्हणून. त्यांना काय सांगू?"

"तुला स्वतःला काय वाटतं?"

"मला वाटतं, मी ती वही स्कॅनच करायला नको होती."

*

त्या दुपारी यामिनीला एका जागी बसवेना. सादरीकरण उघडायची, मिटायची. मूळ निबंध काढून तिनं शेवटचं आभाराचं वाक्य वाचलं. *श्रीमती शालिनी वायदंडे यांच्या तांत्रिक साहाय्याबद्दल आभार.* शालिनी! ती उठली, शीतगृहात गेली, तिथं काहीच काम नव्हतं म्हणून परत आली, पुन्हा बाहेर पडून प्रयोगाच्या शेताकडं चालत सुटली. स्वतःशी वाद घालत होती. कल्पना सुचणं वेगळं आणि तिचं विज्ञान करणं वेगळं. पुढची चार वर्षं शेतात कोण राबलं? बुरशीची निवड कुणी केली? हे सगळं खरंच होतं. आणि तिच्या लक्षात आलं की पुण्याच्या गाईडनी भाच्याबद्दल हेच युक्तिवाद केले होते, जवळजवळ याच शब्दांत.

बांधावर नाडगौडा उभे होते. दुपारी फेरी मारायची त्यांची सवय.

"शुक्रवारच्या शुभेच्छा, सोवनी मॅडम. तुमचं यंत्र काय म्हणतंय?"

"गुरुवारी कळेल सगळ्यांना."

"मी विरोध का करतो, कुणी मला विचारलंच नाही." ते शेताकडं बघत बोलत होते. "तत्त्वबित्त्व काही नाही हो. मला माझ्या जुन्या वह्यांची भीती वाटते. तुम्हाला वाटत नाही, याचं मला खरंच कौतुक आहे."

ते निघून गेले. टोमणा असता तर बरं झालं असतं, असं यामिनीला वाटलं.

*

शालननं दहा वर्षांपूर्वी संस्था सोडली होती. बुधवारी सकाळी यामिनी तिला शोधत तासगावच्या बाजूला एका दुधाच्या शीतकरण केंद्रावर पोचली. शालन तिथं प्रयोगशाळा सांभाळत होती. पांढरा कोट, पायात रबरी बूट, केस अर्धे पिकलेले. तिनं हातातली परीक्षानळी सावकाश स्टँडला लावली.

"मॅडम? बसा. त्या खुर्चीवर नको, डगमगते ती. स्टुलावर बसा."

"तुम्हाला काहीतरी ऐकवायचंय."

"मला अहो-जाहो कधीपासून?"

यामिनीनं ध्वनिमुद्रण लावलं. बाहेर टँकर धुवत होते, त्या पाण्याच्या आवाजात ते ऐकू यावं म्हणून शालन थोडी वाकली. संपल्यावर ती सरळ झाली.

"त्या दिवशी चहाला गेले ती परत आलेच नाही मी मीटिंगला. ट्रे शिपायाच्या हातात दिला."

"तुम्हाला माहीत होतं? म्हणजे, ही कल्पना तुमची होती हे?"

"मॅडम, मला माहीत नसेल तर कुणाला असणार? प्लेटा मीच बघितल्या होत्या."

"मग बोलला का नाही?"

"कुणापाशी बोलायचं? तुमच्यापाशीच ना? तुमच्यापाशी बोलले, तर तुम्ही चहाला पाठवलंत." ती हे रागानं म्हणाली नाही. एखादी नोंद वाचून दाखवावी तसं म्हणाली. "पेपरात नाव आलं होतं की. शालिनी म्हणून. माझी पोरगी विचारत होती, आई, ही शालिनी कोण?"

यामिनी मान खाली घालून बसली. मग तिनं येताना गाडीत जुळवलेली वाक्यं एका दमात म्हणून टाकली. उद्या सुनावणी आहे, मी सगळं सांगणार आहे, निबंध दुरुस्तीला जाईल, पहिलं नाव तुमचं येईल.

"बरं," शालन म्हणाली. "त्यासाठी आला होय तुम्ही? मला वाटलं, रजेच्या अर्जाचं आठवलं तुम्हाला."

"कसला अर्ज?"

शालनच्या चेहऱ्यावर आता पहिल्यांदा राग दिसला. "पंचवीस साली. कोल्हापूरला एम.एस्सी.ला नंबर लागला होता माझा. दोन वर्षांची अभ्यासरजा मागितली होती. तुम्ही त्यावर लिहिलं, 'प्रयोगशाळेची गरज लक्षात घेता शिफारस करता येत नाही.' पाठ आहे मला."

यामिनीला खरोखरच काही आठवत नव्हतं. अशा कागदांवर ती रोज सह्या करत असे. "तेव्हा शेतावरच्या चाचण्या चालू होत्या," ती चाचरत म्हणाली. "ती मोजणी तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला—"

"हां. मला येत होतं म्हणून मला सोडलं नाही. येत नसतं तर सोडलं असतं." शालननं पुढची नळी उचलली आणि पुन्हा ठेवून दिली. "तुमच्या त्या यंत्रात हे आलंय का?"

"नाही."

"का बरं?"

"ते घडलेल्या गोष्टींचा माग काढतं. कुठली कल्पना कुठून निघाली, कुठं गेली. जे घडूच शकलं नाही, त्याची नोंद कुठं नसते. त्यामुळं त्याला ते..."

"मग माझं निम्मंच आलं की त्यात."

"मी उद्या हेही सांगते. अर्जाचं."

"नको." शालननं हात वर केला. "माझ्या वतीनं तुम्ही बोलू नका, मॅडम. लई वर्षं बोललात. मी येते. किती वाजता आहे?"

"अकराला."

"साडेअकरापर्यंत माझे टँकर असतात. बाराला ठेवा."

*

सुनावणी बाराला ठेवली. संस्थेचं सभागृह भरलं होतं, मागं विद्यार्थी उभे होते. अध्यक्षाची खुर्ची रिकामी ठेवून यामिनी खाली दुसऱ्या रांगेत बसली होती. अहवाल वाचायला नाझनीन उभी राहिली, पण तिनं सुरुवात करायच्या आत यामिनी उठली.

"आधी एक लिहून घ्या. धुलाईच्या वह्या वगळायचा अधिकार माझ्याकडं होता. मी तो वापरलेला नाही. वापरावा असं मनात आलं होतं, तेही लिहा."

नाझनीननं तिच्याकडं पाहिलं नाही. तिनं आकडे वाचले, वहीचं पान दाखवलं, ध्वनिमुद्रण लावलं. 'चहाचं काय झालं' हे वाक्य सभागृहाच्या मोठ्या स्पीकरमधून आलं तेव्हा मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. यामिनीचे कान तापले. तिच्या माजी विद्यार्थिनींपैकी तिघी समोरच बसल्या होत्या. त्यांच्याकडं बघायचा तिला धीर होईना.

"हरिपूरची गोष्ट मी खोटी म्हणून सांगत नव्हते," तिनं स्वतःची पाळी आल्यावर एवढंच सांगितलं. "मला ती खरी वाटत होती. आजही डोळे मिटले की ते पाणी दिसतं. ऐकलेलं विसरून मी त्या जागी पाहिलेलं ठेवलं, आणि मला त्याचा पत्ताही लागला नाही. यात माझा बचाव नाही. उलट, हे जास्त वाईट आहे."

मग नाझनीन म्हणाली, "श्रीमती शालन वायदंडे यांचं म्हणणं."

शालन कामावरूनच आली होती. कोट काढून तिनं हातावर घेतला होता, पायात तेच बूट होते. माइक तिच्या उंचीला लावायला कुणी पुढं झालं, तर तिनं तो स्वतःच वाकवला.

"माझं नाव शालन. शालिनी नाही. यंत्रानं मला एकाहत्तर दिलेत. बरोबर की चूक, ते तुम्ही मोठी माणसं ठरवा. मला दुसरं सांगायचंय." तिनं अर्जाचं सांगितलं, तारखेसकट, त्यावरच्या शेऱ्यासकट. "त्याच वर्षी मॅडमकडं चार मुली पीएच.डी. करत होत्या. दोघी बाळंतपणाला गेल्या. सहा-सहा महिने त्यांच्या प्लेटा मी बघितल्या. त्यांची रजा मंजूर व्हावी म्हणून मॅडम किती भांडल्या, तेही मी बघितलंय. वाईट बाई नाहीत त्या. पण 'मुलींना पुढं आणायचं' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं त्या चौघी यायच्या. मी यायचे नाही. मी पण तिथंच उभी होते की."

तिनं हातावरचा कोट दुसऱ्या हातावर घेतला.

"का येत नव्हते, याचं उत्तर माझ्या आडनावात असेल, नाहीतर माझ्या हातातल्या ब्रशात असेल. मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. तुमच्या यंत्राला ठरवता येतंय का, बघा."

ती खाली उतरली आणि सरळ दाराकडं चालू लागली. यामिनीला उठून काहीतरी म्हणायचं होतं, निदान एक वाक्य, की मला तसं कधी जाणवलंच नाही. मग तिला कळलं, हेच तर शालन आत्ता सांगून गेली. तिनं खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले.

*

शुक्रवारच्या मुलाखतीला यामिनी गेली. माघार घेतली असती तर त्याग केल्यासारखं दिसलं असतं, आणि तसं दिसणं तिला नको होतं. निवड नाडगौडांची झाली. सोमवारी नाही, पण बुधवारी 'उगम' फेरविचारासाठी थांबवल्याचं पत्र निघालं.

ते पत्र हातात घेऊन नाझनीन तिच्या खोलीत आली. या वेळी तिनं दार उघडंच ठेवलं.

"तुम्ही स्वच्छ झालात, मॅडम. आमचं काय?"

"नाझनीन, मी दुसरं काय करायला हवं होतं?"

"तेच केलंत ते बरोबर केलंत. हेच तर मला सहन होत नाही." तिनं पत्र टेबलावर ठेवलं. "सतरा जणींना मी आज कळवलं, तुमचे अर्ज थांबलेत म्हणून. त्यातल्या दोघींची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे."

त्यानंतर आठ महिने दोघी कामापुरत्या बोलल्या. यामिनीला ते लागत होतं. रोज सकाळी ती नाझनीनच्या प्रयोगशाळेवरून जाताना पावलं हळू करायची आणि मग उगाच भरभर पुढं निघून जायची. निबंधाची दुरुस्ती छापून आली. शा. वायदंडे, या. सोवनी. काही जुन्या मित्रांनी फोन करणं सोडलं. तिच्या एका विद्यार्थिनीनं मात्र पत्र लिहिलं, की तिच्या प्रबंधातले सगळे रंगद्रव्याचे प्रयोग एका माळ्याच्या बायकोनं दाखवलेल्या शेवाळावरून सुरू झाले होते, आणि आता तिचं नाव कुठं लिहायचं.

असं पत्र लिहिणारी ती एकटी नव्हती. त्या सुनावणीची चित्रफीत बाहेर गेली होती. कुठून कुठून पत्रं येऊ लागली. लॅब असिस्टंट, क्षेत्र सहायक, रोपवाटिकेतल्या बायका, यंत्र दुरुस्त करणारे लोक. आमच्या वह्या तपासा, एवढंच म्हणणं. नाडगौडांनी ती पत्रं आधी फायलीत ठेवली. मग एक पत्र त्यांच्याच जुन्या सहायकाचं आलं. ते घेऊन ते दोन दिवस फिरत होते म्हणे. नवव्या महिन्यात 'उगम' पुन्हा चालू झाला.

मधल्या काळात नाझनीन स्वस्थ बसली नव्हती. तिनं त्याला नवा भाग जोडला होता. नाकारलेल्या रजा, न पाठवलेल्या शिफारशी, ऐन वेळी रद्द झालेले परिषदांचे प्रवास. घडलेल्याच्या जोडीला अडवलेलंही तो आता दाखवत होता. त्याला गुण नव्हते, फक्त यादी होती. प्रत्येक कागदावर कुणाची सही आहे, तेही. पहिल्या यादीत शालनच्या अर्जाशिवाय यामिनीच्या आणखी चार सह्या होत्या. तिनं त्या चौघांचे पत्ते मागून घेतले. एक जण वारला होता. उरलेल्या तिघांना तिनं पत्रं लिहिली. एकाचंच उत्तर आलं, तेही एका ओळीचं.

शालन संस्थेत परत आली ती पुढच्या वर्षी, बावन्नाव्या वर्षी, एम.एस्सी. करत करत संशोधन सहायक म्हणून. यामिनीनं आपल्या गटात जागा देऊ केली होती. "तुमच्याकडं नको," शालन म्हणाली होती, आणि नाझनीनच्या गटात रुजू झाली.

*

फेब्रुवारीतल्या एका चर्चासत्रात यामिनी नवा प्रश्न मांडत होती. शिरोळच्या काही शेतांत तिसऱ्या वर्षानंतर जोडीचा असर ओसरू लागला होता. तिच्या मते खालचं खारं पाणी पुन्हा वर चढत होतं. तिनं आलेख दाखवला.

"मला पटत नाही," चौथ्या रांगेतून शालन म्हणाली.

"काय पटत नाही?"

"पाणी चढत असतं तर खालचा थर आधी बिघडला असता. तुमच्याच आलेखात तिसरी रेघ बघा. खालचा थर ठीक आहे. वरचीच बुरशी मरतेय. नांगरटीत धागे तुटत असणार."

"नांगरट दरवर्षी होते. पहिली दोन वर्षं का नाही मेली मग?"

"पहिली दोन वर्षं उसाचा पाला शेतात राहायचा, त्यावर बुरशी पुन्हा धरायची. नंतर जाळायला लागले."

"हा अंदाज झाला. पुरावा काय?"

"तुमचं तरी काय आहे? एका विहिरीचं पाणी मोजून तुम्ही अख्ख्या शिवाराचं बोलताय."

"एका नाही, तीन विहिरींचं!"

"तिन्ही एकाच ओढ्यावरच्या."

यामिनी चिडली. चांगलीच चिडली. आवाज चढला, हातातला लेझर भिंतभर नाचायला लागला. बाजूला बसलेली नाझनीन एकदा इकडं, एकदा तिकडं बघत होती. अर्ध्या तासानं नाडगौडांनी चर्चासत्र संपल्याचं सांगितलं, तरी दोघी फळ्यापाशी उभ्याच होत्या. एक लिहीत होती, दुसरी ते पुसून आपलं लिहीत होती.

"तुम्ही चुकताय, शालनबाई."

"असेन. चला, मोजून बघू."

मंगळवारी दोघी शिरोळला गेल्या. शेताच्या मधोमध गुडघाभर खड्डा घेतला, थराथरानं माती काढली, जागेवरच क्षार मोजले, धागे भिंगाखाली पाहिले. ऊन चढत गेलं. दुपारपर्यंत चार खड्डे झाले. खारं पाणी कुठंच वर चढलेलं नव्हतं. धागेही तुटलेले नव्हते, चांगले लांब आणि अखंड होते, पण त्यांच्या कडेला एक बारीक तपकिरी डाग होता. तो दोघींनीही पूर्वी कधी पाहिला नव्हता.

शालननं भिंग यामिनीकडं दिलं. यामिनीनं बराच वेळ पाहिलं आणि परत तिच्याकडं दिलं.

"माझं चुकलं," यामिनी म्हणाली.

"माझं पण," शालन म्हणाली. वहीत तारीख घालून तिनं तसं लिहिलं, दोघींच्या नावानिशी. यामिनीनं फावडं उचललं आणि पाचवा खड्डा कुठं घ्यायचा, यावरून दोघींचा पुन्हा वाद सुरू झाला.